निधन वार्तेत कॉल साइनही छापावी

महोदय,

हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, एकमेकांना आवाजाने आणि कॉल साइनने, म्हणजे परवान्यावरच्या अक्षर-अंकी ओळखचिन्हाने, ओळखतात. वर्षानुवर्षे रोज सकाळी 40 मीटर बँडवर (रेडिओलहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर) भेटणाऱ्या मित्रांनी एकमेकांना पाहिलेले नसते, पुष्कळदा आडनावही ठाऊक नसते. त्यामुळे नाशिकचा एखादा जुना हॅम गेला, तर गल्लीला कळते आणि कोचीचा मित्र त्याला हाका मारत राहतो. निधन वार्तेत नावापुढे ‘व्हीयू2’ किंवा ‘व्हीयू3’ने सुरू होणारी कॉल साइन छापली, तर ती वाचून कुणीही हॅम सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत, बातमी सांगू शकेल. आपल्या दैनिकाने ही प्रथा सुरू करावी, ही कळकळीची विनंती. कॉल साइन परवान्यावर असते आणि क्यूएसएल कार्डांवर (संपर्काची पोच म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात त्या कार्डांवर) ठळक छापलेली असते.

घरच्यांनी लॉगबुक, म्हणजे संपर्कांची नोंदवही, रद्दीत घालू नये. दर ओळीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याची कॉल साइन आणि सिग्नल कसा ऐकू आला याचा रिपोर्ट असतो. वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितात; भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. 0030 म्हणजे पहाटेचे सहा. शेवटच्या काही महिन्यांच्या पानांत जी कॉल साइन पुन्हा पुन्हा येते, तिथे पहिला निरोप जायला हवा. क्यूएसएल कार्डांवरची तिकिटे नातवंडांना हवीशी वाटतात, पण ती कापू नयेत. मैत्रीचा तेवढाच हस्ताक्षरातला पुरावा उरतो.

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, तो वारसाकडे आपोआप येत नाही. रेडिओ सेट ज्याला द्यायचा त्याचा परवाना चालू आहे ना, ते बघून त्याची प्रत ठेवावी. माइक, पॉवर कॉर्ड आणि मॅन्युअल सेटसोबतच द्यावे. माइकच्या पिनांची जोडणी कंपनीगणिक बदलते. ‘चालतो का बघू’ म्हणून माइकचे बटण मात्र दाबू नये. परवान्याशिवाय प्रसारण हा गुन्हा तर आहेच, शिवाय अँटेना जोडलेला नसेल तर शक्ती उलटी फिरून आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.

व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) लिनिअर अँप्लिफायर, म्हणजे सेटच्या सिग्नलची शक्ती वाढवणारे उपकरण, असेल तर त्याला हात लावू नका. आत 2000 ते 3000 व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार साठून राहतो. तो उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर जुना होऊन तुटलेला असला, तर भार बराच काळ टिकतो. झाकण जाणकारानेच उघडावे, भंगारवाल्याने नव्हे.

गच्चीवरचा अँटेना जूनच्या आत उतरवावा. 40 मीटरचा डायपोल म्हणजे साधारण 20 मीटर तांब्याची तार आणि मधून खाली येणारी कोॲक्स केबल. आधी केबल सेटपासून सोडवावी. अँटेनाला आधार देणारा पाइप आडवा झाला तर महावितरणच्या तारांपर्यंत पोहोचतो का, ते आधी पाहावे. पोहोचत असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. उन्हाने नायलॉनची दोरी कमजोर होते आणि ताण पडताच तुटते, म्हणून नवी दोरी बांधल्याखेरीज जुनी सोडू नये. एकाने पाइप धरावा, दुसऱ्याने ताणाच्या तारा एकेक करून सैल कराव्यात. संक्रांतीत अडकलेला नायलॉन मांजा हाताने ओढू नका, तार खाली आल्यावर कात्रीने कापा. केबलच्या टोकाशी आवरणाखालची तारेची जाळी काळी-हिरवी पडली असेल तर आत पाणी शिरलेले आहे, ती केबल टाकून द्यावी. तांब्याची तार पुन्हा वापरता येते.

हॅम मित्रांनाही एक सांगणे: आपली कॉल साइन, दोन हॅम मित्रांचे फोन नंबर आणि घरातल्या धोकादायक उपकरणांची नावे एका कागदावर मराठीत लिहून सेटशेजारी चिकटवा. पासवर्डमागे लपलेली फाइल घरच्यांना ऐनवेळी सापडत नाही.

— काही हौशी रेडिओचालक, नाशिक