बाहुल्यांची साक्ष आणि आरटीईच्या जागा

माननीय संपादक,
स. न.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांची चर्चा दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पेटते आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो, की गरिबाघरची पोरं त्या मोठ्या शाळेत टिकतील का, त्यांना न्यूनगंड तर येणार नाही ना. विचारणारे बहुतेक वेळा खरंच काळजीनं विचारतात. पण शेजारच्या बाकावर बसणाऱ्या सुखवस्तू घरातल्या मुलाबद्दल कुणीच काही विचारत नाही, आणि हे असं एकाच बाजूनं बघणं किती महागात पडतं ते अमेरिकेत घडून गेलंय म्हणून हे पत्र लिहितेय.

१९५४ ची ब्राउन केस बऱ्याच जणांना नावानं माहीत असते. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाने एकमताने दिला. खरं तर त्यात वेगवेगळ्या राज्यांतल्या केसेस एकत्र आल्या होत्या आणि त्यातली एक साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन काउंटीची. तिथे गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला तीस बस होत्या आणि काळ्या मुलांना एकही नाही, लोकांची पहिली मागणी फक्त एका बसची होती. ती धुडकावली गेली आणि प्रकरण वाढत वाढत कोर्टात गेलं. ज्या हॅरी ब्रिग्जचं नाव केसला लागलं त्याची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, त्याच्या बायकोचीही गेली.

वेगळ्या शाळांनी मुलांच्या मनाचं नुकसान होतं हे दाखवायला ह्याच केससाठी १९५१ मध्ये केनेथ क्लार्क हा मानसशास्त्रज्ञ चार बाहुल्या घेऊन तिथे गेला. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळं सेम. ही टेस्ट त्याने आणि त्याची बायको मेमी हिने आधीच बसवलेली होती, मुळात मेमीचाच विषय तो. सहा ते नऊ वर्षांच्या १६ काळ्या मुलांना एकेकटं बसवून विचारलं, खेळायला कुठली आवडेल, चांगली कुठली, वाईट कुठली दिसते. १६ पैकी १० जणांना गोरी बाहुली आवडली, ११ जणांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हणून सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी विचारायचं, आता तुझ्यासारखी दिसणारी दे. ह्या शेवटच्या प्रश्नाला आधीच्या टेस्टमध्ये काही मुलं रडली होती, काही उठून खोलीबाहेर गेली होती. ज्या बाहुलीला आत्ताच वाईट म्हटलं तीच आपण आहोत हे त्या लेकराला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागत होतं, वाचतानासुद्धा पोटात कालवतं.

पण पुरावा म्हणून त्याच्यात भोक होतं, आणि ते वेगळ्या शाळांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाने, जॉन डेव्हिसने, सुप्रीम कोर्टात बरोबर पकडलं. क्लार्क दांपत्याच्या जुन्या अभ्यासात उत्तरेकडच्या, म्हणजे एकत्र शाळेत जाणाऱ्या काळ्या मुलांनी गोरी बाहुली दक्षिणेतल्या मुलांपेक्षा जास्तच निवडली होती. मग नुकसान वेगळ्या शाळेने केलं का आख्ख्या समाजाने, हे बाहुल्यांवरून कसं ठरवणार? ब्राउनमध्येच एकत्र आलेल्या व्हर्जिनियाच्या केसमध्ये तर सरकारने कोलंबिया युनिव्हर्सिटीतले हेन्री गॅरेट साक्षीला उभे केले, ते क्लार्क नवरा-बायकोचेच प्रोफेसर, आणि त्यांनी वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष दिली. शास्त्र एकच आणि गुरू-शिष्य समोरासमोर.

तरीही चीफ जस्टिस वॉरेन यांनी निकालात लिहिलं की निव्वळ वंशावरून वेगळं ठेवलं की मुलांच्या मनात कमीपणाची भावना तयार होते आणि ती कधी पुसली जाईल असं वाटत नाही, आणि ह्याला आधार म्हणून अकराव्या तळटीपेत क्लार्क आणि इतरांचे अभ्यास दिले. ह्या एका तळटीपेवर तेव्हापासून वाद चाललाय. १९५५ मध्येच एडमंड कान नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने, जो स्वतः निकालाच्या बाजूचा होता, म्हटलं की नागरिकांचे हक्क इतक्या लेच्यापेच्या पायावर उभे राहू नयेत. मला त्याचं पटतं. आपल्याकडे बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं, ते चूक होतं हे ठरवायला कुठली टेस्ट घ्यायला हवी होती का? क्लॅरेंडनच्याच केसमध्ये जज वॉरिंग यांनी खालच्या कोर्टात एकट्याने वेगळं मत देऊन सरळ लिहिलं होतं की वेगळं ठेवणं हीच असमानता, तेवढं पुरेसं होतं.

आकड्यांवर हक्क टांगला की आकडे घेऊन दुसराही येतो. १९६३ मध्ये जॉर्जियातल्या सवानाच्या केसमध्ये जज स्कार्लेट यांनी 'काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या क्षमतेतच फरक आहे' अशा तज्ज्ञांच्या साक्षी मान्य करून वेगळ्या शाळा चालू ठेवल्या होत्या, वरच्या कोर्टाने पुढच्या वर्षी तो निकाल फिरवला म्हणून बरं. शाळांत सगळ्या वंशांची मुलं एकत्र यावीत म्हणून प्रवेश देताना वंश बघावा का, ह्या २००७ च्या सिएटलच्या केसमध्ये ५५३ अभ्यासकांनी एकत्र शाळांच्या बाजूने सही करून निवेदन दिलं तरी पाच विरुद्ध चार असा निकाल विरोधात गेला, अभ्यासकांमध्ये एकमत नाही असं जस्टिस थॉमस यांनी लिहिलं.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच आहे. ब्राउन केसमध्ये ३२ अभ्यासकांनी सही केलेलं एक परिशिष्ट कोर्टाला दिलं होतं आणि त्यात गोऱ्या मुलांचं काय नुकसान होतं हेसुद्धा स्पष्ट लिहिलं होतं. की ही मुलं स्वतःची लायकी स्वतःच्या कामावर तोलायला शिकतच नाहीत, दुसऱ्याला कमी लेखून आपण मोठे असं समजतात, आणि जे लोक त्यांना न्याय, प्रामाणिकपणा शिकवतात तेच लोक भेदभाव चालवताना दिसतात म्हणून मनात गोंधळ होतो. निकालात ह्यातलं काहीच आलं नाही. आली ती फक्त काळ्या मुलांची दुखावलेली मनं, म्हणजे दोष जणू त्यांच्यातच होता आणि गोऱ्यांच्या शाळेत घातलं की बरा होणार होता. पुढे अंमलबजावणीही तशीच झाली, बंद पडल्या त्या जास्त करून काळ्यांच्या शाळा, आणि हजारो काळे शिक्षक आणि हेडमास्तर घरी बसले. सगळा दोष त्या निकालाच्या भाषेचा असं मी म्हणत नाही, पण सुरुवात तिथून होते असं मला वाटतं.

आपल्याकडे ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या जागांतून सूट. मुंबई हायकोर्टाने तो जुलैत रद्द केला, कायद्याच्या मुद्द्यावर, आणि ते योग्यच झालं. हक्क कायद्याने टिकावा. अभ्यास मात्र त्यानंतर लागतो, मुलं वर्गात एकत्र आल्यावर काय होतंय ते बघायला, आणि दोन्हीकडच्या मुलांचा. असा एक चांगला अभ्यास दिल्लीत झालाय. गौतम राव या अर्थतज्ज्ञाचा, २०१९ मध्ये छापून आला. त्यात श्रीमंत मुलांना रिले रेससाठी जोडीदार निवडायला सांगितलं, एकीकडे जास्त जोरात पळणारं गरीब मूल, दुसरीकडे हळू पळणारं आपल्यातलं. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती मुलं भेदभाव कमी करत होती, एकंदर जास्त उदारही झाली होती, आणि अभ्यासावर वाईट परिणाम झाला तो थोडाच.

तर संपादक साहेब, एक विनंती आहे. पुढच्या वेळी आरटीईवर बातमी कराल तेव्हा तुमच्या वार्ताहराला फी भरणाऱ्या पालकांशी आणि त्यांच्या मुलांशीही बोलायला सांगा, की वर्गात डबा कुणाबरोबर खातात, वाढदिवसाला कुणाला बोलावतात, खेळात टीम पाडताना कुणाला घेतात. आरटीईच्या मुलांना हे प्रश्न विचारून झालेत.

आपली,
एक शिक्षिका, सातारा