राज्याने आधी बोलावे

महोदय,

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा-परिषदांची (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांची) फेरमांडणी फक्त टीव्हीच्या पैशावर ठरते, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. २००३ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या एसीसी परिषदेला नवे सदस्य घ्यायचे होते आणि नऊपैकी सात मते लागत होती. ड्यूक व नॉर्थ कॅरोलिना ही सदस्य विद्यापीठे विरोधात, त्यामुळे व्हर्जिनिया विद्यापीठाचे मत निर्णायक ठरले. राज्यपाल मार्क वॉर्नर यांनी नेमका तिथेच जोर लावला: व्हर्जिनिया टेकला घेत असाल, तरच होकार. सिरॅक्यूज विद्यापीठाचे नाव मागे पडले, व्हर्जिनिया टेक आत आले. हा हस्तक्षेप मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण दोन्ही विद्यापीठे राज्याचीच आहेत.

कॅलिफोर्नियात उलटे झाले. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने, म्हणजे यूसीएलएने, बिग टेन या दुसऱ्या परिषदेत जाण्याचे जाहीर केले, मग राज्यपाल न्यूसम यांनी जाब विचारला. अखेर यूसीएलएने जुन्या परिषदेत मागे राहिलेल्या त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, अशी तोड निघाली. पण पुढे बर्कलीही एसीसीत गेल्याने तिच्या विद्यार्थी-खेळाडूंना आता सामन्यांसाठी थेट अटलांटिक किनारा गाठावा लागतो. सरकारी विद्यापीठांचे असे करार सही होण्याआधीच नियामक मंडळाच्या उघड बैठकीत यायला हवेत.

– एक वाचक, पुणे