स्वप्नातल्या बँडमधली रिकामी जागा दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तुम्ही मला दिलेली एक गोष्ट इतकी वर्षे माझ्याजवळ आहे आणि तिची साधी पोचही मी तुम्हाला कधी दिली नाही. ती चारचौघांसमोर द्यावी असे वाटले, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझा पहिला बँड मोडला, त्या दिवसांत मी वहीच्या मागच्या पानावर दुसरा एक बँड जमवला होता, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या बँडमध्ये आम्ही तिघे गिटारवादक होतो आणि दुसऱ्याचा आवाज वाढला की प्रत्येक जण आपल्या ॲम्प्लिफायरचे बटण आणखी थोडे फिरवत असे. शेवटी कोणालाच कोणाचे ऐकू येईना आणि एके दिवशी सगळे आपापली वाद्ये उचलून निघून गेले. त्या दुःखात मी कागदावर जिमी हेंड्रिक्स, डेव्हिड गिल्मर आणि ब्रायन मे या तिघांच्या हाती गिटार दिली, द हू या बँडच्या कीथ मून यांना ड्रम्सवर बसवले, आणि गायला फ्रेडी मर्क्युरी व जॅनिस जॉप्लिन या दोघांनाही बोलावले. ते पान मी तुमच्यापुढे मोठ्या अभिमानाने ठेवले. तुम्ही ते दोनदा वाचले, हसला नाहीत, आणि एवढेच विचारले, "यांतले गप्प कोण बसणार?" मग पेन्सिलीने पानाच्या तळाशी 'बेस' असे लिहून त्यापुढची जागा रिकामी सोडली. आयुष्यभर बेस, म्हणजे खालचे सूर धरणारी गिटार, वाजवलेल्या माणसापुढे मी बेसच नसलेला बँड ठेवला होता आणि तरीही तुम्हाला राग आला नाही, याचे मला आजही नवल वाटते.

त्यानंतरच्या संध्याकाळी तुम्ही मला जे ऐकवले, त्याबद्दल हे आभार आहेत. एकच गाणे चार वेळा लावायचे आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा हात धरून शेवटपर्यंत जायचे, हा तुमचा नियम होता. पहिल्या दिवशी मला बेस सापडतच नव्हता. तो बंद केल्यावरच कळेल, असे म्हणून तुम्ही खालच्या पट्टीचा आवाज कमी केलात आणि एरवी भरभक्कम वाटणारे ते गाणे पत्र्यासारखे वाजू लागले. गाण्याचा पाया पायांखाली असतो म्हणून दिसत नाही, हे मला त्या क्षणी कानांनी कळले.

मग तुम्ही रोलिंग स्टोन्स या बँडचे गाणे लावले आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी त्यांचे ड्रमर चार्ली वॉट्स यांचा ठेका दाखवला. रॉकमधले बहुतेक ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅट या झांजांच्या जोडीवर सलग मात्रा वाजवतात आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर डाव्या हाताने स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर आघात करतात, तेव्हाही उजवा हात थांबत नाही. वॉट्स मात्र नेमक्या त्या दोन मात्रांवर उजवा हात उचलून घेत. तुमच्या उजव्या हाताचे बोट टेबलावरून इंचभर वर गेले, डावे खाली आले, आणि त्या इंचभर जागेतून स्नेअरचा आवाज कसा एकटा, स्वच्छ बाहेर येतो, ते मी पाहिले. हाय-हॅटवरून दर वेळी हात उचलणारा तो माणूस १९६३ पासून २०२१ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत एकाच बँडच्या पाठीशी बसून होता. माझ्या पानावरचे कीथ मून त्याच संध्याकाळी खोडले गेले. त्यांच्यावरचे माझे प्रेम कमी झाले नाही, पण गाण्याच्या प्रत्येक फटीत उडी घेणाऱ्या ड्रमरपुढे तीन गिटारी ठेवणे म्हणजे आमच्या मोडलेल्या बँडचीच थोर नावांनी केलेली नक्कल होती.

नामवंतांना एकत्र आणण्याचे प्रयोग खरोखर झालेले आहेत आणि त्यांचा इतिहास तुम्ही मला धीराने सांगितलात. क्रीम हा बँड १९६६ मध्ये जमला. त्यात एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर असे तिघेही आपापल्या वाद्याचे राजे होते, पण ब्रूस आणि बेकर यांचे आधीच्या बँडपासूनच पटत नव्हते, आणि २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. पुढच्याच वर्षी क्लॅप्टन आणि बेकर ब्लाइंड फेथमध्ये गेले आणि तो बँड एक अल्बम काढून त्याच वर्षी संपला. याउलट १९८८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांना एका सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, दुसऱ्या बाजूसाठी गाणे हवे होते आणि त्या निमित्ताने बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी व जेफ लिन हे त्यांच्याभोवती जमले. डिलन यांच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत सुरू झालेल्या त्या खेळातून ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा बँड उभा राहिला. त्यांनी खोटी नावे घेतली, ओळी वाटून गायल्या, आणि ड्रम्सवर जिम केल्टनर यांना बसवले, जे अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या पाचांत नव्हते. केल्टनर यांच्याकडे लक्ष दे, असे तुम्ही म्हणालात, आणि मी पहिल्यांदाच पाच मोठ्या आवाजांना सोडून सहाव्या माणसाला ऐकले.

आता माझे नवे पान तुमच्यापुढे ठेवतो. ते पुरे व्हायला बरीच वर्षे लागली आणि तुमचीच एक अट मी त्यात पाळली आहे: एका बँडमधून एकच माणूस घ्यायचा, कारण तयार जोडी उसनी आणली तर जुळवण्याचे काम आपण केलेच नाही.

ड्रम्सवर चार्ली वॉट्स. बेसवर लेड झेपेलिनचे जॉन पॉल जोन्स, कारण ते बेसइतक्याच सहजतेने कीबोर्ड वाजवत आणि वाद्यवृंदाची रचनाही करत. १९६७ मध्ये त्यांनी रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यासाठी तंतुवाद्यांची रचना केली होती, त्यामुळे वॉट्स यांच्याशी त्यांची ओळख करून देण्याचीही गरज नाही. ठेक्याच्या गिटारवर एसी/डीसीचे माल्कम यंग. ते जाड तारा लावत, आपल्या ग्रेट्श गिटारवरचे जादा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, त्यांनी काढून टाकले होते, आणि सोलोचा मान धाकट्या भावाला देऊन स्वतः मागे उभे राहत. लहानपणी मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते, आणि आज हे पान त्यांच्यावाचून मला अपुरे वाटते.

कीबोर्डवर बिली प्रेस्टन आहेत आणि त्यांच्याबद्दल थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्समधले ताण इतके वाढले होते की हॅरिसन काही दिवस बँड सोडूनच गेले होते. ते परत आल्यावर प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर येऊन बसले, आणि खोलीतले वातावरण पालटले. बाहेरचा माणूस आला की सगळे नीट वागू लागतात, असे हॅरिसन यांनीच पुढे सांगितले. ३० जानेवारीला गच्चीवर झालेल्या त्या प्रसिद्ध वादनातही प्रेस्टन होते आणि त्यानंतर आलेल्या सिंगलवर बीटल्सच्या नावासोबत त्यांचे नाव छापले गेले. आमच्या त्या बँडला गिटारवादक भरपूर होते, फक्त असा एक माणूस नव्हता.

मुख्य गिटारसाठी मी पुष्कळ दिवस अडलो. हेंड्रिक्स यांचे नाव खोडताना हात थरथरला, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण त्यांच्या गिटारला मिच मिचेल यांच्यासारखा ड्रमर लागतो, जो तिच्या मागे धावतो, तिला अडवतो, पुन्हा सोडतो. वॉट्स यांना तसे धावायला लावणे दोघांवरही अन्याय ठरेल. म्हणून पिंक फ्लॉइडचे गिल्मर राहिले, जे एक सूर ताणून धरतात, तो पुरता विझू देतात आणि मगच पुढचा उचलतात. त्या मधल्या शांततेत जोन्स यांचा बेस ऐकू येईल.

आणि गाणार आहेत मर्क्युरी. सगळे मागे उभे राहणारे निवडल्यावर पुढे उभे राहणारे कोणी तरी हवेच, एवढेच त्यामागचे कारण नाही. पाचगणीच्या शाळेतल्या द हेक्टिक्स या बँडमध्ये ते पियानोवर होते आणि पुढे उभा राहून दुसराच मुलगा गात असे. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवरच्या लाइव्ह एड या कार्यक्रमात त्यांच्या क्वीन या बँडला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, आणि त्यांतलीही काही त्यांनी प्रेक्षकांना तान देऊन, थांबून, ती परत येताना ऐकण्यात घालवली. ते चित्रीकरण मी तुमच्या पद्धतीने आवाज अगदी हळू ठेवून पाहिले, तेव्हा थांबलेल्या मर्क्युरींचा किंचित कललेला चेहरा मला प्रथमच दिसला.

काका, मी आता एका छोट्या बँडमध्ये बेस वाजवतो. गेल्या महिन्यात सरावाच्या वेळी आमच्या गिटारवादकाने बटणाकडे हात नेला, तेव्हा मी माझा आवाज थोडा उतरवला, ड्रमरनेही उतरवला, आणि त्याचा हात आपोआप खाली आला. घरी येऊन मी ते जुने पान शोधून काढले. तुमच्या हातचा 'बेस' हा शब्द पुसट झाला आहे, पण वाचता येतो.

तुम्ही वॉट्स यांच्या जागी लेड झेपेलिनचेच ड्रमर जॉन बोनम यांना बसवाल, हे मला माहीत आहे. त्यांच्या १९७१ च्या अल्बममधले शेवटचे गाणे, जुन्या घराच्या जिन्यात वरून मायक्रोफोन सोडून टिपलेले ते ड्रम्स, हा तुमचा ठरलेला पुरावा आहे आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. पण बोनम घेतले तर तुमच्याच अटीप्रमाणे जोन्स सोडावे लागतील, आणि मग बेसची जागा पुन्हा रिकामी होईल. तिथे कोणाला बसवायचे, ते सांगायला मी प्रत्यक्षच येतो. पेन्सिल घेऊन येईन.

तुमचा ऋणी,
तुमचा विद्यार्थी