डॉक्टर मॅडम, त्या टॉवेलबद्दल

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आठवतही नसेल. माझी लेक तुमच्या खोलीत आली आणि बसेचना. खुर्चीचं कापड फिकट होतं. मी दोनदा "बस ना गं" म्हणून दटावलंही. तुम्ही काही न बोलता उठलात, कपाटातून गडद निळा टॉवेल काढून त्याची घडी खुर्चीवर ठेवलीत आणि म्हणालात, "आता बस. डाग पडला तर टॉवेल धुता येतो." ती बसली आणि रडायलाच लागली. वर्षभर वर्गात ती शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिची आई!

त्याआधी दोघांना दाखवलं होतं. एकांनी मान वर न करता "या वयात होतंच" म्हणून वाटेला लावलं. पाळी दहा-दहा दिवस चालायची, दीड तासात पॅड भरायचा, ते ऐकायलाही थांबले नाहीत. दुसऱ्यांनी गोळ्या लिहून दिल्या, कशाच्या ते सांगितलं नाही. मी मोबाइलवर नाव शोधलं, 'गर्भनिरोधक' हा शब्द वाचला आणि पाकीट कपाटात साड्यांखाली दडवलं. चौदा वर्षांच्या पोरीला असल्या गोळ्या? पुढे मूल झालं नाही तर? कुणी पाहिलं तर? सहा महिने ते तिथेच पडून होतं. तोवर तिचं हिमोग्लोबिन ७.४ वर आलं. बारा तरी हवं. म्हणजे त्या दोघांना नावं ठेवताना तिसरी मीच.

हे सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत की रागावला नाहीत. म्हणालात, पहिली अशी गोळी अमेरिकेत १९५७ साली मंजूर झाली तीच मुळी पाळीच्या तक्रारींसाठी, गर्भनिरोधक म्हणून नंतर, १९६० साली. या गोळ्यांनी पुढे मूल व्हायला अडचण येत नाही, हेही समजावलंत. पण "काही होत नाही हो" म्हणून उडवूनही लावलं नाहीत. घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हिचं डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का, एकेक विचारलंत. हार्मोन नकोच असतील तर रक्तस्राव कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत, हेही. आणि बोलत होतात तिच्याशी. मी नुसती शेजारी होते. एवढं साधं वागणं इतकं दुर्मीळ का असावं, कुणास ठाऊक. त्याला वेगळी पदवी तर लागत नाही.

मी मध्येच म्हटलं, "आमच्याकडे सगळ्या बायकांना जास्तच जातं." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "तुमचा दात काढला होता? रक्त लवकर थांबलं?"

नव्हतं थांबलं. दोन दिवस बोळा बदलत होते. बाळंतपणातही तेच. माझ्या आईचंही तेच. आम्ही त्याला घराण्याची पाळी म्हणायचो. तपासणीत निघाला व्हॉन विलेब्रँड, रक्त नीट न गोठण्याचा, आईबापांकडून येणारा दोष. सौम्य आहे, म्हणालात.

गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले. पाकीट आता तिच्या टेबलावर असतं, उघड्यावर. लोहाच्या गोळ्यांना मात्र ती अजून नाकं मुरडते. परवा पाळीच्या दुसऱ्या दिवशी ती पलंगावर पांढऱ्या चादरीवर लोळत वाचत होती. मी दारातूनच परत फिरले.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन येते. या वेळी केसपेपर दोन काढणार आहे. दुसरा माझा.

तुमची,
त्या मुलीची आई