दिवस-अंशांचा हिशेब

बर्गन (नॉर्वे), १४ नोव्हेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे, जेवणखाण वेळेवर होते आणि मेतकुटाची बरणी अजून अर्धी शिल्लक आहे. आई, प्रयोगातल्या सॅमन माशांना लस देताना सुई माझ्या अंगठ्याला लागल्याचे दादाने तुला सांगायला नको होते. लशीत तेल असते, ते बोटात गेले तर बोट सुजते, म्हणून मी लगेच डॉक्टरांकडे गेले होते. आता अंगठा पूर्ण बरा आहे. ज्या विषाणूवरच्या लशीवर आम्ही काम करतो, तो सॅमनचा विषाणू माणसाला बाधत नाही, तेव्हा तू उगाच काळजी करू नकोस.

आत्या समजते तसा सॅमन म्हणजे आपला रावस नव्हे. गुंगीच्या पाण्यातून काढलेला चाळीस ग्रॅमचा मासा तळहातावर गार आणि निपचित पडतो. पोटाच्या परांच्या जरा पुढे सुई टेकवून ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, पोटात सोडायचा असतो; सुई खोल गेली तर आतडे दुखावते, उथळ राहिली तर लस मांसातच साचते. जिवाणूंवरच्या लशी आल्यावर नॉर्वेच्या मत्स्यपालनातला प्रतिजैविकांचा वापर १९८७ नंतर जवळजवळ संपला. विषाणूंनी मात्र तशी दाद दिलेली नाही. आमचा विषाणू माशाचे स्वादुपिंड आणि हृदय पोखरतो. त्यावरच्या डीएनए लशीला २०१७ मध्ये युरोपात परवानगी मिळाली, तरी लस दिलेल्या पिंजऱ्यांतही रोग दिसतो, म्हणून आमचे काम चालू आहे.

येथील एक रीत मला समजायलाच महिना लागला. लस दिल्यावर किती दिवस थांबायचे, हे येथे कोणी दिवसांत सांगत नाही, 'दिवस-अंशां'त सांगतात. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती पाण्याच्या उबेप्रमाणे जागी होते. म्हणून रोजचे तापमान मिळवत जायचे आणि बेरीज साधारण ५०० झाली की लस अंगी लागली असे धरायचे. पाणी ५ अंशांवर असेल तर शंभर दिवस लागतात, १० अंशांवर असेल तर पन्नास. नुसत्या हिशेबापुरते, आपल्या तळ्यातल्या २८ अंशांत अठराच दिवस लागले असते.

बाबा, तुम्ही विचारलेत की हे सारे परक्यांच्या माशांसाठी, मग आपल्या कोळंबीसाठी काय? व्हाइट स्पॉटने, कोळंबीच्या त्या विषाणूजन्य रोगाने, आठवडाभरात आपले तळे रिकामे झाले, तेव्हा मी बांधावरच उभी होते आणि त्यामुळेच या विषयात आले. पण माशाच्या अंगात प्रतिपिंडे तयार होतात, कोळंबीच्या होत नाहीत. म्हणून अशी लस तिला लागू पडत नाही. तिच्यासाठी तपासलेले, रोगमुक्त बीज आणि पाण्याची शिस्त हाच आज खात्रीचा उपाय आहे. हे तुम्हाला लिहिताना मला फार वाईट वाटते.

या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त पैसे पाठवले आहेत. त्यातून सोसायटीचा हप्ता आधी भरावा, उरलेले दादाच्या साखरपुड्याला वापरावेत. चिपळूणच्या स्थळाला 'वैशाखात भेटू' एवढेच कळवावे, नकार देऊ नये. आमच्या टाक्यांतले पाणी १२ अंशांवर आहे आणि लस ६ नोव्हेंबरला दिली आहे, म्हणजे बेचाळीस दिवसांनी, १८ डिसेंबरला, लस लागली का हे पाहायला माशांना विषाणू द्यायचा आणि पुढचे काही आठवडे रोज मेलेले मासे मोजायचे. साखरपुडा २१ तारखेला आहे. दादाला हे मी अजून सांगितलेले नाही. आई, तूच सांग.

तुमची,
मनू