फुटबॉलचा करार फुटबॉलपुरताच ठेवा

माननीय सिनेटर मारिया कँटवेल यांस,

स. न. वि. वि.

कॉलेजांना सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकू देण्याच्या आपल्या विधेयकाविषयी हे पत्र. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.) त्याची इंग्रजी प्रत आपल्या सिअ‍ॅटलच्या कार्यालयात दिली आहे. ही मराठी प्रत आमच्या माणसांसाठी. ‘कॉलेजातल्या पोरींना सामन्यासाठी देश ओलांडायला कोण लावतं?’ असं माझी आई पुण्याहून विचारते, तिलाही वाचता यावी म्हणून.

माझी मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. विद्यापीठाचं नाव इथे नको. गेल्या ऑक्टोबरात पूर्वेकडचा सामना आटोपून परतताना त्यांचं पुढचं विमान चुकलं. मध्यरात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. विमानतळाच्या फरशीवर बसलेली, घोट्यावर बर्फाची पिशवी, मांडीवर रसायनशास्त्राच्या नोट्स. सकाळी परीक्षा. म्हणाली, “आई, इथे किती वाजलेत तेच मला कळत नाहीये.”

पूर्वी असं नव्हतं. रणजीला कसा पश्चिम विभाग असायचा, मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र, तशी इकडे पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या विद्यापीठांची साखळी (कॉन्फरन्स) होती. सगळे शेजारी, भांडणंही शेजाऱ्यांचीच. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या, मुख्यतः मध्य-पश्चिमेकडच्या साखळीत जायचं ठरवलं. त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांनी सामने दाखवायच्या हक्कांसाठी बिग टेनला सात वर्षांचे सात अब्ज डॉलर्सहून अधिक देऊ केले. पॅक-१२ च्या हातात शेवटी अ‍ॅपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव उरला आणि ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात वॉशिंग्टन, ओरेगॉन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बाहेर पडले. आता बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत आणि पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी) खेळतं. नावं बदलायचीही कुणाला गरज वाटली नाही! आपल्या राज्यातलं पुलमन, म्हणजे तिथलं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ, मात्र मागे राहिलं. वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेट हे दोघेच ओसाड वाड्यात दिवा लावून बसले. (२०२४ चा अ‍ॅपल कप हा वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्यातला फुटबॉलचा सामना पुलमनच्या पोरांनीच २४-१९ असा जिंकला, याचा आनंद मला सिअ‍ॅटलच्या बाजूला राहूनही लपवता आला नाही.)

या फाटाफुटीचं मूळ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालात आहे, हे आपण जाणताच. सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची टीव्हीवरची मक्तेदारी गेली आणि प्रत्येकाला आपापला माल विकायची मुभा मिळाली. मतभेद नोंदवणाऱ्या दोघांत एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः फुटबॉलपटू. व्यावसायिक लीगना १९६१ च्या कायद्याने हक्क एकत्र विकता येतात, कॉलेजांना ती सवलत नाही. ती त्यांनाही मिळावी हा आपल्या विधेयकातला मुद्दा मला पटतो. एकाच हंड्यातून वाटा मिळाला तर घर सोडायची घाई कमी होईल.

पण नुसता पैसा एकत्र आला म्हणून विमानं थांबणार नाहीत. हक्कांची किंमत ठरते फुटबॉलवर. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, खास विमानाने जातात. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्याला दोन-दोन सामने खेळतात आणि तुमच्या-आमच्यासारख्या रांगेत उभ्या राहतात. करार एकाचा, फरफट दुसऱ्याची.

म्हणून मागणी एकच. हक्क एकत्र विकायची सवलत द्यायचीच, तर अंतिम कायद्यात तिला एक अट जोडा: फुटबॉल सोडून बाकी खेळांचं साखळी वेळापत्रक आपापल्या विभागातलंच असावं. हे जमत नाही असं कुणी सांगितलं तर नोटर डेम विद्यापीठाकडे बोट दाखवा. त्यांचा फुटबॉल संघ स्वतंत्र आहे आणि बाकी बहुतेक खेळ २०१३ पासून एसीसीत. फुटबॉल वेगळा काढता येतो, फक्त तो आजवर फुटबॉलच्या सोयीने काढला गेला.

मुलीचं अजून एक वर्ष शिल्लक आहे. तिच्या वेळेत हे होणार नाही, तिलाही ते ठाऊक आहे. तिच्या संघात नव्या आलेल्या मुलींची मात्र तीन वर्षं बाकी आहेत.

कळावे,
बेलव्ह्यूची एक मतदार