पंक म्हणजे नुसतं लंडन नाही हो

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पंक रॉकवरचा, म्हणजे मोजक्या साधनांत वाजवलेल्या त्या वेगवान, बंडखोर रॉक संगीतावरचा लेख वाचला. तसा मस्त होता पण सेफ्टी पिना, उभे केस, लंडन, १९७७ आणि खेळ खल्लास! आणि वर पंकवाल्यांनी जुनं सगळं मोडीत काढलं असं ठोकून दिलंय, तिथे मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा सोशल डिस्टॉर्शन हा बँड १९७८ चा. १९८३ चा पहिला अल्बम धडाधड पंकच, मग गायक माइक नेस हेरॉइनच्या नादी लागला, कसाबसा सुटला आणि १९८८ च्या 'प्रिझन बाउंड'पासून गाण्यांत कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं संगीत शिरायला लागलं. १९९० ला बँडच्याच नावाचा अल्बम आला त्यात तर कंट्री गायक जॉनी कॅशचं 'रिंग ऑफ फायर' अख्खंच घेतलंय. कॅशच्या १९६३ च्या रेकॉर्डमध्ये मेक्सिकन ढंगाचे ट्रम्पेट आहेत, इथे सगळा भार गिटारवर, पण चाल तीच आणि टिंगल अजिबात नाही.

मामेभावाने अमेरिकेहून ती कॅसेट आणली होती. ए साइड 'रिंग ऑफ फायर'ला संपायची, खट्, उलटी केली की 'बॉल अँड चेन', दुपारपासून पीत बसून पैसे उडवलेल्या एकट्या माणसाचं गाणं. ए साइडला "बंद कर ते केकाटणं" म्हणणाऱ्या आईने इथे मात्र स्वयंपाकघरातून विचारलं, "काय रे, रडतोय का हा?" इंग्रजी तिला ओ की ठो कळायचं नाही.

आणि नेस कंट्रीसोबत रॉकाबिलीकडेही वळला, तर कंट्री नि ब्लूजची (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची) ती सरमिसळ १९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीने गाजवली, गायक एल्व्हिस प्रेस्ली तिथलाच, कॅशही तिथलाच. कॅशकडे तेव्हा ड्रमर नव्हता म्हणून हा पठ्ठ्या गिटारच्या तारांत कागद अडकवायचा, खसखस आवाज ड्रमसारखा यावा म्हणून! आता हा जुगाड पंक नाही तर काय? नेस तिकडे वळला ते मला घरी परत गेल्यासारखंच वाटतं, तुमच्या लेखकाला काय वाटतं ते त्यांनी लिहावं.

पुढच्या वेळी अर्धा कॉलम तरी कॅलिफोर्नियाला द्या. कॅसेट अजून आहे माझ्याकडे, ए साइडची टेप एकदा गुंतली होती तेवढा दोन सेकंदांचा तुकडा सोडला तर वाजते.

एक जुना वाचक, सांगली